परतीच्या वाटेवरचं रक्त

घर बांधताना नळ कुठे हवेत, टाकी किती लिटरची हवी यावर घरात आठवडाभर चर्चा रंगते. मोरीचं पाणी कुठून बाहेर जाणार हे गवंडी विचारतो, तेव्हा आपण "बघा तुम्हीच काय ते" म्हणून मोकळे होतो. मोरीची आठवण येते ती तुंबल्यावर. वैद्यकाचा इतिहास वाचायची मला जुनी खोड आहे, आणि मेंदूच्या बाबतीत डॉक्टरांचंही शतकानुशतकं साधारण असंच झालं, असं माझं मत होत चाललंय. मेंदूत येणाऱ्या रक्ताबद्दल भरभरून लिहिलं गेलं. मेंदूतून जाणाऱ्या रक्ताबद्दल त्या मानाने फारच थोडं.

आपल्या बोलण्यातही तेच. "मेंदूला रक्तपुरवठा कमी पडला" किंवा "मेंदूतली शीर फुटली". दोन्ही वेळा आपल्या मनात असते ती आत येणारी नळी. "मेंदूतलं रक्त बाहेरच पडेना" असं वाक्य मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. पण असं होतं, आणि बऱ्याचदा तरुण माणसांना होतं. आजची गोष्ट त्या न ऐकलेल्या वाक्याची.

आधी थोडी शाळेतली उजळणी. हृदयाकडून रक्त घेऊन येते ती रोहिणी, परत नेते ती नीला. मोठ्या माणसाच्या मेंदूत मिनिटाला साधारण ७५० मिलीलिटर रक्त येतं. म्हणजे पाऊण लिटर. येतं तेवढंच त्याच मिनिटात बाहेर पडावं लागतं, कारण साठवायला जागा नाही. मेंदूच्या नीला पातळ भिंतींच्या असतात आणि पायांतल्या नीलांसारख्या झडपा त्यांत नसतात. त्या आपलं रक्त सायनस नावाच्या पन्हळींत नेऊन सोडतात. (सर्दीत भरतात ती सायनस वेगळी!) या पन्हळी मेंदूवरच्या जाड आवरणाच्या दोन पदरांमध्ये असतात. एक मोठी पन्हळ कपाळापासून डोक्याच्या मागपर्यंत, बरोबर भांगाच्या रेषेखालून जाते. मागे ती दुभागते, दोन्ही कानांमागून वळते आणि मानेतल्या मोठ्या नीलांना मिळते.

गंमत म्हणजे या परतीच्या वाटेला नाव मिळालं ते फार लवकर. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियामध्ये हेरोफिलस नावाचा वैद्य माणसाच्या प्रेतांचं विच्छेदन करत असे. डोक्याच्या मागच्या बाजूला जिथे या पन्हळी एकत्र येतात ती जागा त्याला द्राक्षांचा रस काढायच्या घाण्यासारखी वाटली. गेलनच्या लिखाणातून ते नाव पुढे आलं आणि शरीररचनेच्या पुस्तकांत अजूनही त्या जागेला 'हेरोफिलसचा घाणा' अशाच अर्थाचं लॅटिन नाव आहे. नाव बावीसशे वर्षं टिकलं. पण तिथे अडथळा आला तर काय होईल, हा प्रश्न नीट विचारायला अठरावं शतक संपत यावं लागलं.

तो विचारला एडिंबरामध्ये. तिथे अलेक्झांडर मन्रो नावाचे शरीररचनेचे प्राध्यापक होते. आजोबा, वडील, मुलगा अशा तीन पिढ्या, तिघांचं नाव एकच आणि तिघंही त्याच खुर्चीवर! त्यांतल्या मधल्या मन्रोंनी १७८३ साली मज्जासंस्थेवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातला एक मुद्दा अगदी साधा होता. कवटी हाडाची आहे, ती ताणत नाही. मेंदू दाबून लहान होत नाही. मग आतल्या रक्ताचं प्रमाण कायम राहायला हवं, आणि रोहिण्यांतून येणाऱ्या रक्ताला जागा मिळायची तर नीलांतून रक्त सतत बाहेर पडत राहायला हवं. मला हे वाक्य वाचून थांबावंसं वाटलं. बाहेर पडणं ही आत येण्याची अटच आहे, असं मन्रो सांगत होते.

पुढे जवळच्याच लीथ बंदरातल्या जॉर्ज केली या सर्जननी त्याला जोड दिली. नोव्हेंबर १८२१ मध्ये एका वादळी रात्रीनंतर उघड्यावर तीन माणसं मेलेली सापडली. केलींनी त्यांतल्या दोघांचे मेंदू पाहिले. पृष्ठभागावरच्या नीला रक्ताने टम्म भरलेल्या होत्या. हे मरणाचं कारण की मरणानंतर प्रेत जसं पडलं होतं त्याचा परिणाम, असा प्रश्न त्यांना पडला. मग त्यांनी जनावरांवर प्रयोग केले. अंगातलं रक्त वाहून जाऊन जनावर मेलं, बाकी शरीर पांढरंफटक पडलं, तरी मेंदूत रक्त शिल्लक राहायचंच. १८२४ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि मन्रो-केली सिद्धांत म्हणून ते रूढ झालं.

सिद्धांतात एक भोक होतं. मेंदूभोवती आणि मेंदूच्या आत पाणी असतं, हे त्यांनी हिशोबातच धरलं नव्हतं. १८४६ मध्ये लंडनच्या जॉर्ज बरोज यांनी ते दाखवून दिलं. मेंदूतलं रक्त कमी-जास्त होऊ शकतं, कारण त्या बदल्यात पाणी सरकून जागा करतं. मग हिशोब असा झाला: मेंदू, रक्त आणि पाणी या तिघांची बेरीज कायम. एक वाढलं की दुसऱ्याने सरकायचं. सरकायची सोय संपली की कवटीतला दाब भराभर वाढतो. आज डॉक्टर शिकतात तो सिद्धांत हा.

या पाण्याचीही एक गंमत आहे. ते रोज साधारण अर्धा लिटर तयार होतं, पण एका वेळी आत असतं जेमतेम १५० मिलीलिटर. म्हणजे ते दिवसात तीनेक वेळा बदलतं. जुनं पाणी जातं कुठे? त्यातला मोठा भाग त्याच भांगाखालच्या पन्हळीत, रक्तात मिसळतो. म्हणजे ही पन्हळ एकाच वेळी दोन कामं करते, रक्त नेते आणि पाणीही नेते. ती तुंबली की दोन्ही अडतात. पाणी साठतं, दाब वाढतो, डोकं दुखतं, आडवं झालं की जास्तच. डोळ्यांमागच्या नसेला सूज येते आणि दिसणं अंधुक होतं. अडथळा मेंदूच्या पृष्ठभागावरच्या नीलांपर्यंत पोचला, तर त्यांच्या मागच्या केसासारख्या बारीक वाहिन्यांत दाब चढत जातो. आधी त्यांतून पाणी झिरपतं आणि मेंदूचा तेवढा भाग सुजतो. मग रक्त झिरपतं, कधी भळाभळा येतं.

इथे नीट पाहिलं पाहिजे. रक्तदाबाने रोहिणी फुटून होणारा रक्तस्राव आणि हा रक्तस्राव दिसायला दोन्ही रक्तच. पण पहिल्यात भिंत फुटलेली असते आणि दुसऱ्यात दार बंद झालेलं असतं. उपाय उलटे आहेत. पुढच्या दीडशे वर्षांचा सगळा घोळ याच एका फरकाचा आहे.

हे बंद दार शवविच्छेदनात पहिल्यांदा ओळखलं गेलं ते १८२५ मध्ये. फ्रान्समधल्या रिब यांनी पंचेचाळीस वर्षांच्या एका माणसाची हकिकत लिहिली. सहा महिने भयंकर डोकेदुखी, झटके, भ्रम, आणि मग मृत्यू. उघडून पाहिलं तर भांगाखालची पन्हळ गोठलेल्या रक्ताने भरलेली. तीनच वर्षांनी, १८२८ मध्ये, एडिंबराच्याच जॉन अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी दुसरी हकिकत लिहिली. चोवीस वर्षांची बाई. बाळंतपण सुखरूप झालं होतं. दोन आठवड्यांनी झटक्यांमागून झटके येऊन ती गेली. हीसुद्धा त्याच पन्हळीची गोष्ट.

अ‍ॅबरक्रॉम्बींची ही रुग्ण वाचली तेव्हा मला आमच्या घरातली एक गोष्ट आठवली. माझ्या आजीची धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी गेली. आजी सांगायची ते इतकंच: डोकं फुटतंय म्हणत होती, अंधारात ठेवा म्हणत होती, मग दात खिळले, हातपाय वाकडे झाले आणि दोन दिवसांत संपलं. कुणी सुवारोग म्हणालं, कुणी बाहेरची बाधा म्हणालं. देवऋषी आला होता, डॉक्टर नाही. तिला नेमकं काय झालं होतं हे आता कुणीच सांगू शकणार नाही. बाळंतिणीला झटके यायची इतरही कारणं असतात. पण तिचं बारसं-बाळंतपण सगळं "सुखरूप" झालं होतं, हा शब्द आजी दर वेळी वापरायची. अ‍ॅबरक्रॉम्बींच्या हकिकतीतही तेच आहे, म्हणून मला ती सहज पुढे सरकवता आली नाही.

बाळंतपणाशी याचा संबंध काय? निसर्गाने तिथे एक व्यवस्था केलीय. प्रसूतीत रक्तस्राव होणार म्हणून गरोदरपणाच्या शेवटी आणि नंतर काही आठवडे बाईचं रक्त नेहमीपेक्षा लवकर गोठतं. ते जीव वाचवायलाच आहे. पण त्यात पंडुरोग असला, जंतुसंसर्ग झाला, अंगातलं पाणी कमी झालं, की तीच सोय उलटते. आता आपल्याकडची बाळंतिणीची खोली आठवा. खिडक्या बंद, खाटेखाली शेगडी, घाम निथळतोय, आणि "पाणी फार पिऊ नकोस, पोट सुटेल". डिंकाचे लाडू, अळीव, मालिश यांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण घाम काढायचा आणि पाणी तोडायचं, हे मात्र रक्त गोठायला आमंत्रण देण्यासारखं आहे. भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी या पाणी तोडण्याच्या रिवाजाकडे पुन्हा पुन्हा बोट दाखवलंय. मदुराईच्या डॉ. के. श्रीनिवासन यांनी १९८३ मध्ये गरोदरपणात आणि बाळंतपणात मेंदूतल्या रक्तवाहिन्या बंद पडलेल्या १३५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. जगात इतरत्र जे क्वचित दिसत होतं, ते आपल्याकडे एकेका वॉर्डात दिसत होतं.

मधल्या काळात युरोप-अमेरिकेत या परतीच्या वाटेची आठवण झाली ती कानामुळे. अँटिबायोटिक्स येण्यापूर्वी कान फुटणं ही जिवावरची गोष्ट होती. पू कानामागच्या हाडात जायचा आणि हाडाला लागूनच ती पन्हळ आहे, ती गोठायची. १९१६ मध्ये जर्मनीतल्या क्वेकेनश्टेट यांनी एक सोपी चाचणी सांगितली. पाठीच्या कण्यात सुई घालून पाण्याचा दाब मोजायचा आणि त्याच वेळी मानेतल्या नीला बोटांनी दाबायच्या. वाट मोकळी असेल तर दाब झटकन चढतो, सोडल्यावर उतरतो. पुढे १९२५ मध्ये बॉस्टनच्या टोबी आणि एअर यांनी एकेका बाजूची नीला वेगळी दाबून, कोणत्या कानामागची पन्हळ बंद आहे ते ओळखायला सुरुवात केली. दोन बोटं आणि एक काचेची नळी, बस्स! मानेतली नीला दाबली की कवटीतला दाब वाढतो, ही मन्रोंची गोष्ट आता डोळ्यांना दिसू लागली होती.

दिसू लागली, पण उपाय? त्याचं मूळ एका विद्यार्थ्याच्या प्रयोगात आहे. १९१६ मध्येच अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅक्लेन नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी प्रा. हॉवेल यांच्या हाताखाली रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. त्याला यकृतातून सापडलं ते नेमकं उलट, रक्त गोठू न देणारं द्रव्य. यकृताच्या ग्रीक नावावरून पुढे अशा द्रव्याचं नाव पडलं हेपारिन. ते माणसांना देण्याइतकं शुद्ध व्हायला १९३० चं दशक उजाडलं. आणि १९४२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये स्टॅन्सफील्ड यांनी, मेंदूतल्या नीला गोठलेल्या बाळंतिणीवर हेपारिन वापरल्याचं लिहिलं.

१९४२! उत्तर तेव्हाच टेबलावर होतं. पण पुढची जवळजवळ पन्नास वर्षं ते द्यावं की नाही यावर वाद चालला. मला त्या डॉक्टरांना दोष द्यावासा वाटत नाही. कल्पना करा, समोर पंचविशीतली मुलगी बेशुद्ध पडलीय. सीटी स्कॅन आल्यावर तर मेंदूतलं रक्त पांढऱ्या डागासारखं स्पष्ट दिसायला लागलं. रक्त वाहतंय हे दिसत असताना रक्त पातळ करणारं औषध टोचायला कुणाचा हात धजावेल? डोळ्यांना जे दिसतं त्याच्या विरुद्ध वागायला नुसतं ज्ञान पुरत नाही. आकडे लागतात.

ते आकडे आले म्युनिकमधून. आइनहॉइप्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये लॅन्सेटमध्ये एक छोटा अभ्यास छापला. रुग्ण अवघे वीस. दहा जणांना हेपारिन, दहा जणांना नुसतंच सलाइनसारखं बिनऔषधी द्रव. तीन महिन्यांनी पाहिलं तर हेपारिनवाले आठ जण पूर्ण बरे, दोघांना किरकोळ दोष, मृत्यू एकही नाही. दुसऱ्या दहांपैकी पूर्ण बरा एकच, सहा जण अधू आणि तिघांचा मृत्यू. फरक इतका मोठा दिसला की अभ्यास तिथेच थांबवला. त्यांनी मागची कागदपत्रंही काढली. मेंदूत आधीच रक्तस्राव झालेल्यांपैकी २७ जणांना हेपारिन मिळालं होतं, त्यांतले चार गेले. १३ जणांना मिळालं नव्हतं, त्यांतले नऊ गेले.

हे कसं झालं? हेपारिन गोठलेली गाठ विरघळवत नाही. ते गाठीला वाढू देत नाही. तेवढ्या अवधीत शरीर स्वतःच गाठ विरघळवतं, आडवाटा उघडतं, मागचा दाब उतरतो, आणि दाब उतरला की झिरपणं थांबतं. रक्त पातळ केल्याने रक्तस्राव थांबला, हे वाक्य ऐकायला उफराटं आहे. मन्रोंचं १७८३ मधलं वाक्य वाचून ऐकलं तर ते अगदी सरळ आहे.

वीस रुग्णांवरून शास्त्र ठरत नाही, अशी टीका झाली आणि ती योग्यच होती. पुढे मोठे अभ्यास झाले. २००४ मध्ये २१ देशांतल्या ६२४ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. सुरुवातीलाच रक्तस्राव झालेले त्यांत जवळजवळ चाळीस टक्के होते, तरी बहुतेकांना हेपारिनच दिलं गेलं. मरण पावलेले किंवा परावलंबी झालेले शेवटी साधारण १३ टक्के निघाले. म्हणजे शंभरातले ऐंशीहून जास्त जण आपापल्या कामाला लागले. एके काळी शवविच्छेदनाच्या टेबलावरच सापडणारा हा आजार!

चित्र आपल्याकडेही बदललंय. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटने २०१२ मध्ये ४२८ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांत निम्म्याहून अधिक पुरुष होते आणि बाळंतपणाशी संबंधित रुग्ण दहा टक्क्यांच्या आसपास. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, याचा त्यात वाटा असावा असं मला वाटतं. कारणं आता पंडुरोग, दारू, गर्भनिरोधक गोळ्या अशी विखुरलेली दिसतात. सणावाराला, पूजेला, लग्नाला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपल्याकडे चॉकलेटसारख्या घेतल्या जातात, त्यांचा उल्लेखही भारतीय डॉक्टरांच्या लेखांत येतो. गोळी घेणाऱ्या हजारो जणींना काही होत नाही, हे खरं. पण गोळी सुरू असताना न थांबणारी डोकेदुखी लागली तर ती "उन्हात फिरलीस ना, म्हणून" यावर सोडून देण्यासारखी नसते.

इतिहास आपल्याला फार हुशार होऊ देत नाही, हेही सांगायला हवं. हेपारिनवर सगळ्यांचं एकमत झालं आणि २०२१ उजाडलं. त्या वर्षी एप्रिलमध्ये नॉर्वेतून आणि जर्मनी-ऑस्ट्रियातून बातमी आली, की कोविडच्या एका प्रकारच्या लशीनंतर अगदी थोड्या लोकांत मेंदूच्या याच पन्हळी गोठताहेत आणि सोबत रक्तातल्या प्लेटलेट्स घसरताहेत. रक्त तपासल्यावर जे सापडलं, ते हेपारिनमुळे क्वचित होणाऱ्या एका आजाराशी मिळतंजुळतं होतं. त्यामुळे त्या रुग्णांत हेपारिनच टाळा, दुसरी औषधं वापरा, असा सल्ला दिला गेला. ज्या औषधासाठी पन्नास वर्षं वाद घातला, तेच इथे बाजूला ठेवायचं! पण मला यात विरोधाभास वाटत नाही. दार का बंद झालंय ते पाहा, मग हात घाला, हा धडा दोन्हीकडे एकच आहे.

असो. लांबलं जरा. आज अतिदक्षता विभागात मेंदूचा रुग्ण असला की नर्स खाटेचं डोकं तीस अंश वर करते, मान सरळ ठेवते, गळ्याभोवतीची नळीची पट्टी आवळलेली नाही ना ते बोट घालून बघते. नातेवाइकांना वाटतं, ही नुसती उशी सारखी करतेय. ती मानेतल्या नीला मोकळ्या ठेवत असते.

आणि घरात आपल्याला करण्याजोगं त्याहून सोपं आहे. बाळंतिणीला तहान लागली की पाणी द्यावं. ती डोकं दुखतंय म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशीही म्हणाली, आडवं झाल्यावर जास्त दुखतंय म्हणाली, अंधुक दिसतंय म्हणाली, तर बाम चोळत बसू नये. तिला घेऊन दवाखान्यात जावं, आणि बाळंतपण किती दिवसांपूर्वी झालं ते डॉक्टरांना न विचारता सांगावं.